आर्थिक वाढ आणि प्रादेशिक अभिसरण : राष्ट्र, राज्य व जिल्हा या तीन पातळ्यांवरून एक विवेचन

प्रस्तावना

देशाच्या आर्थिक वाढीचा दर हा आज सार्वजनिक चर्चेचा नित्याचा विषय झाला आहे. अर्थसंकल्प, आर्थिक पाहणी व वृत्तपत्रे या सर्वांमधून तो वाचकांसमोर येतो. त्या मानाने ही वाढ देशाच्या कोणत्या भागात झाली, आणि मागे असलेले प्रदेश पुढे असलेल्या प्रदेशांच्या जवळ आले की त्यांच्यापासून अधिक दूर गेले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. अर्थशास्त्रात या प्रश्नाचा विचार ‘अभिसरण’ या संज्ञेखाली केला जातो. याउलट, प्रदेशांमधील अंतर वाढत जाण्याच्या प्रक्रियेस ‘अपसरण’ असे म्हणतात.

प्रस्तुत लेखात या संकल्पनेचा अर्थ, तिच्यामागील सैद्धान्तिक भूमिका, भारतीय राज्यांचा अनुभव आणि महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोल यांचा क्रमाने परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे. अभिसरण होते किंवा नाही याचे उत्तर आपण कोणती पातळी आणि कोणते माप निवडतो यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. ही निवड तांत्रिक भासली तरी तिचे परिणाम अत्यंत व्यावहारिक आहेत. कोणत्या प्रदेशाला किती निधी मिळावा, कोणत्या जिल्ह्याला मागास म्हणावे आणि कोणाची तक्रार रास्त मानावी हे त्या निवडीवरूनच ठरते.

अभिसरणाचा अर्थ व प्रकार

दरडोई उत्पन्न कमी असलेल्या प्रदेशांची वाढ जास्त वेगाने आणि दरडोई उत्पन्न जास्त असलेल्या प्रदेशांची वाढ कमी वेगाने होत असेल, तर त्यास ‘बीटा अभिसरण’ म्हणतात. सर्व प्रदेशांच्या दरडोई उत्पन्नातील एकूण तफावत काळाच्या ओघात कमी होत असेल, तर त्यास ‘सिग्मा अभिसरण’ म्हणतात. पहिली संकल्पना वेगाविषयी, तर दुसरी अंतराविषयी आहे. बीटा अभिसरणाशिवाय सिग्मा अभिसरण होऊ शकत नाही. मात्र बीटा अभिसरण असूनही सिग्मा अभिसरण होईलच असे नाही. दुष्काळ, युद्ध, एखाद्या उद्योगाचा ऱ्हास किंवा एखाद्या पिकाच्या किमतीतील घसरण यांसारख्या आघातांमुळे नवी तफावत निर्माण होत राहते.

याखेरीज ‘निरपेक्ष’ आणि ‘सशर्त’ अभिसरण असाही भेद केला जातो. सर्व प्रदेश अखेरीस एकाच उत्पन्नपातळीकडे जातात, हे निरपेक्ष अभिसरणाचे गृहीतक होय. सशर्त अभिसरणानुसार प्रत्येक प्रदेश स्वतःच्या बचतीचा दर, शिक्षण, लोकसंख्यावाढ व संस्था यांनी निश्चित होणाऱ्या स्वतंत्र पातळीकडे वाटचाल करतो. या दुसऱ्या अर्थाने अभिसरण सिद्ध झाले, तरी गरीब प्रदेश श्रीमंतांच्या बरोबरीला येतील असे त्यातून निष्पन्न होत नाही. एखाद्या प्रदेशाची अंतिम पातळीच खालची असेल, तर तो त्या खालच्या पातळीवर स्थिरावतो. धोरणविषयक चर्चेत हा भेद अनेकदा नजरेआड होतो.

सैद्धान्तिक भूमिका

या विषयावर दोन परस्परविरोधी विचारपरंपरा आढळतात. रॉबर्ट सोलो व ट्रेव्हर स्वान यांनी १९५६ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेल्या वाढीच्या प्रतिमानात भांडवलाच्या घटत्या सीमांत फलाचा नियम मध्यवर्ती आहे. जेथे भांडवल कमी आहे तेथे त्याची सीमांत उत्पादकता अधिक असते. त्यामुळे तेथे भांडवल आकर्षित होते आणि मागास प्रदेश वेगाने वाढतो. श्रमिक उलट दिशेने, म्हणजे अधिक वेतनाच्या प्रदेशाकडे स्थलांतर करतात. या दोन्ही प्रवाहांमुळे अंतर कमी होते, अशी ही मांडणी आहे.

गुन्नार मिर्डाल यांनी १९५७ मध्ये, तर अल्बर्ट हर्शमन यांनी १९५८ मध्ये याच्या विरुद्ध शक्यतेकडे लक्ष वेधले. मिर्डाल यांच्या मते बाजारशक्ती मोकळ्या सोडल्या तर विषमता सहसा वाढते. पुढारलेला प्रदेश मागास प्रदेशातील भांडवल, कुशल मनुष्यबळ व उद्यमशीलता स्वतःकडे ओढून घेतो. यालाच त्यांनी प्रतिकूल परिणाम म्हटले. पुढारलेल्या प्रदेशातून मागणी व तंत्रज्ञान बाहेर पसरते, ते प्रसरण परिणाम होत. या दोहोंपैकी कोणता परिणाम प्रबळ ठरतो यावर प्रदेशाचे भवितव्य अवलंबून असते. जेफ्री विल्यमसन यांनी १९६५ मध्ये या दोन्ही शक्यता एका कालक्रमात बसविल्या. विकासाच्या आरंभीच्या टप्प्यात प्रादेशिक विषमता वाढते आणि नंतरच्या टप्प्यात ती कमी होते, असे त्यांनी सुचविले.

अनुभवजन्य अभ्यासांनीही एकच एक उत्तर दिलेले नाही. विल्यम बॉमोल यांनी १९८६ मध्ये १८७० पासूनच्या आकडेवारीच्या आधारे औद्योगिक देशांमध्ये अभिसरण झाल्याचे दाखविले. ब्रॅडफर्ड डिलाँग यांनी १९८८ मध्ये त्यातील उणीव स्पष्ट केली. आज जे देश श्रीमंत आहेत त्यांचीच निवड केल्यास ते एकमेकांच्या जवळ आलेले दिसणे स्वाभाविकच होय. पुढे रॉबर्ट बॅरो व झेवियर सला-इ-मार्टिन यांनी अमेरिकेतील राज्यांच्या दीर्घकालीन आकडेवारीवरून वर्षाला सुमारे २ टक्के हा अभिसरणाचा वेग काढला. या वेगाने मूळ अंतर निम्मे होण्यास सुमारे ३५ वर्षे लागतात. भाषा, कायदे व बाजारपेठ एक असलेल्या देशातही हा प्रवास एका पिढीहून अधिक काळाचा आहे.

गुणोत्तर आणि अंतर

येथे एका साध्या अंकगणिताकडे लक्ष देणे आवश्यक आहे. समजा, एका प्रदेशाचे दरडोई उत्पन्न २ लाख रुपये व दुसऱ्याचे १ लाख रुपये आहे. पहिला प्रदेश दरवर्षी ५ टक्के व दुसरा ७ टक्के दराने वाढतो. व्याख्येनुसार हे अभिसरणच आहे, कारण गरीब प्रदेश अधिक वेगाने पुढे जात आहे. तथापि पहिल्याच वर्षी श्रीमंत प्रदेशाच्या उत्पन्नात १० हजारांची व गरीब प्रदेशाच्या उत्पन्नात ७ हजारांची भर पडते. परिणामी दोहोंमधील अंतर १ लाखावरून १ लाख ३ हजारांवर जाते. हे अंतर सुमारे १९ वर्षे वाढतच राहते आणि सुमारे १ लाख ४४ हजारांवर पोहोचल्यानंतर कमी होऊ लागते. दोन्ही प्रदेश एका पातळीवर येण्यास सुमारे ३७ वर्षे लागतात.

या उदाहरणातून प्रादेशिक वादांचे एक मूळ उलगडते. शासन वाढीच्या दरांचा दाखला देऊन प्रगती झाल्याचे सांगते. त्या प्रदेशातील नागरिक मात्र आपण शेजाऱ्यांच्या तुलनेत अधिकच मागे पडलो असा अनुभव सांगतात. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. एक विधान गुणोत्तराविषयी असते, तर दुसरे अंतराविषयी.

भारतीय राज्यांचा अनुभव

भारतीय राज्यांविषयीच्या अभ्यासांमध्ये कालखंडानुसार निष्कर्ष बदलतात. मोंटेकसिंग अहलुवालिया यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आर्थिक सुधारणांनंतर राज्यांच्या वाढीच्या दरांतील तफावत वाढल्याचे दिसून आले. केंद्र शासनाच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीने या विषयाला एक स्वतंत्र प्रकरण दिले. जगातील देशांमध्ये आणि चीनच्या प्रांतांमध्ये अभिसरणाची लक्षणे दिसत असताना भारतातील राज्यांच्या उत्पन्नांत अपसरण होत असल्याचे तिने नमूद केले. आरोग्य व जननदर यांबाबतीत मात्र राज्ये एकमेकांच्या जवळ येत असल्याचेही तिने दाखविले. एकाच देशात जीवनमानाची काही अंगे जवळ येतात आणि उत्पन्न दूर जाते, हे कोडे आजही विचारप्रवर्तक आहे.

पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कार्यनिबंधात १९६०-६१ ते २०२३-२४ या काळातील राज्यांची सापेक्ष स्थिती दिली आहे. राष्ट्रीय सरासरी १०० मानल्यास पश्चिम बंगालचे दरडोई उत्पन्न १९६०-६१ मध्ये १२७.५ होते; ते २०२३-२४ मध्ये ८३.७ वर आले. उत्तर प्रदेशचे ८२.४ वरून ५०.८ वर घसरले. बिहारचे १९६०-६१ मध्ये ७०.३ होते, ते २०००-०१ मध्ये ३१ पर्यंत खाली आले आणि २०२३-२४ मध्ये ३२.८ वर राहिले. दक्षिणेकडील राज्यांनी १९९१ नंतर लक्षणीय आघाडी घेतली. ओडिशाचे उदाहरण विशेष उल्लेखनीय आहे. २०००-०१ मध्ये राष्ट्रीय सरासरीच्या ५४.३ टक्के असलेले या राज्याचे दरडोई उत्पन्न २०२३-२४ मध्ये ८८.५ टक्के झाले.

या आकड्यांवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, मागासलेपण हा अटळ प्रारब्धाचा भाग नाही. ओडिशाने तेवीस वर्षे राष्ट्रीय सरासरीपेक्षा दरवर्षी सुमारे २ टक्के अधिक वेगाने वाढ साधली, असा या गुणोत्तरांचा अर्थ होतो. दुसरी, अभिसरण आपोआपही होत नाही. बिहारची घसरण थांबली, परंतु अंतर भरून निघाले नाही. देशाचे दरडोई उत्पन्न वार्षिक ५ टक्के आणि बिहारचे ७ टक्के दराने सातत्याने वाढले, तरीही बिहारला राष्ट्रीय सरासरी गाठण्यास सुमारे ६० वर्षे लागतील.

धोरणांचाही यात वाटा आहे. १९५२ पासून पोलाद व काही प्रमुख कच्च्या मालाच्या वाहतूक खर्चाचे देशभर समानीकरण करण्यात आले. यामुळे कारखान्याला देशात कोठेही पोलाद जवळपास सारख्याच दराने मिळू लागले. खाणींजवळ असण्याचा जो नैसर्गिक लाभ तत्कालीन बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश व पश्चिम बंगाल यांना मिळाला असता, तो त्यामुळे क्षीण झाला. बंदरे व बाजारपेठा यांचा लाभ असलेली किनारपट्टीची राज्ये मात्र तो टिकवून राहिली, आणि त्यांत महाराष्ट्राचाही समावेश होतो. १९९० च्या दशकाच्या आरंभी हे धोरण मागे घेण्यात आले, तोवर उद्योगांची भौगोलिक मांडणी बऱ्याच अंशी पक्की झालेली होती.

महाराष्ट्र : सरासरीच्या आड

वरील कार्यनिबंधानुसार २०२३-२४ मध्ये महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीच्या १५०.७ टक्के होते. देशाच्या उत्पन्नात सर्वाधिक वाटाही याच राज्याचा, म्हणजे १३.३ टक्के होता. परंतु २०१०-११ मध्ये तो १५.२ टक्के होता, हेही लक्षात घेतले पाहिजे. राष्ट्रीय पातळीवर महाराष्ट्र हे संपन्न राज्य ठरते. ही संपन्नता राज्यात कशी विभागली गेली आहे हा खरा प्रश्न आहे.

राज्याचे तीन प्रमुख विभाग तीन वेगळ्या प्रशासकीय परंपरांतून एकत्र आले. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रांत व वऱ्हाड आणि नंतर मध्य प्रदेश या राज्याचा भाग होता. उर्वरित महाराष्ट्र मुख्यत्वे मुंबई राज्यात होता. या विषम प्रारंभाची जाणीव १९५३ च्या नागपूर कराराच्या वेळीही होती. पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१ (२) मध्ये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळे स्थापण्याची व निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपविण्याची तरतूद झाली.

मिर्डाल यांच्या विवेचनाचे प्रत्यंतर विदर्भाच्या कापसात पाहावयास मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे व गिरण्यांकडे वाहू लागला. १८७७ मध्ये नागपूर येथे एम्प्रेस मिल सुरू झाली. परंतु प्रक्रिया, व्यापार, विमा व वित्त यांचे केंद्र मुंबईच राहिले. कच्चा माल एका प्रदेशाचा आणि मूल्यवृद्धी दुसऱ्या प्रदेशात, हा आकृतिबंध पुढे वीज व खनिजे यांबाबतीतही दिसून येतो. चंद्रपूर जिल्ह्यातील कोळसा, औष्णिक वीज व सिमेंट यांमुळे जिल्ह्याचे उत्पन्न फुगलेले दिसते. त्या उत्पन्नातील किती हिस्सा स्थानिक कुटुंबांच्या हाती पडतो, हे जिल्हा उत्पन्नाच्या आकड्यावरून कळत नाही. याच्या उलट बाजूस बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर आहेत. त्यांचे श्रम हंगामात पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांच्या उत्पादनात भर घालतात. सोलो यांच्या प्रतिमानात श्रमिकांच्या स्थलांतराने अंतर कमी होते. परंतु हंगामी स्थलांतरात मुलांचे शिक्षण खंडित होत असेल, तर तेच स्थलांतर पुढील पिढीसाठी अंतर कायम ठेवते.

डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने २०१३ मध्ये सादर केलेल्या अहवालानुसार उर्वरित महाराष्ट्राच्या तुलनेत विदर्भाचे दरडोई उत्पन्न सुमारे २७ टक्क्यांनी व मराठवाड्याचे सुमारे ४० टक्क्यांनी कमी होते. मानव विकासाच्या बाबतीतही हेच अंतर दिसते. राज्याच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात मुंबईचा निर्देशांक ०.८४१, तर नंदुरबारचा ०.६०४ होता. नंदुरबार हा जिल्हा उर्वरित महाराष्ट्रात मोडतो. यावरून विभागीय सरासरीदेखील पुरेशी नाही हे सिद्ध होते. ज्याप्रमाणे राज्याच्या सरासरीआड मराठवाडा दिसेनासा होतो, त्याचप्रमाणे विभागाच्या सरासरीआड नंदुरबार दिसेनासा होतो.

अनुशेष आणि अभिसरण

महाराष्ट्रात प्रादेशिक असमतोलाची चर्चा प्रामुख्याने ‘अनुशेष’ या संकल्पनेभोवती झाली आहे. डॉ. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ च्या अहवालात सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा इत्यादी क्षेत्रांत राज्य सरासरीपेक्षा कमी असलेल्या जिल्ह्यांची तूट मोजली व ती भरून काढण्यास लागणारा खर्च सुमारे ३,१८७ कोटी रुपये ठरविला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा २४ टक्के व उर्वरित महाराष्ट्राचा ३७ टक्के होता. १९९४ मध्ये तीन वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. त्यानंतर निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ रोजीचा अनुशेष सुमारे १४ हजार कोटी रुपये निश्चित केला. या वाढीत किमतींतील वाढ व मोजणीतील बदल यांचाही भाग असला, तरी सरासरी हे स्वतःच पुढे सरकणारे लक्ष्य आहे, हे त्यातून जाणवते.

अनुशेष या संकल्पनेचे ऐतिहासिक महत्त्व वादातीत आहे. तिने भावनिक तक्रारीला मोजता येण्याजोगे रूप दिले आणि शासनाला उत्तरदायी केले. तथापि अनुशेष हा सुविधांच्या साठ्यातील फरक आहे, तर अभिसरण ही उत्पन्न निर्माण करण्याच्या क्षमतेतील प्रक्रिया आहे. रस्त्यांची लांबी किंवा सिंचनक्षमता कागदावर समान झाली म्हणून उत्पन्न समान होते असे नाही. धरण पूर्ण झाले आणि कालवे अपूर्ण राहिले, महाविद्यालय स्थापन झाले आणि अध्यापकांची पदे रिक्त राहिली, तर अनुशेष घटल्याची नोंद होते. अंतर मात्र तसेच राहते.

वित्त आयोग आणि राज्यांतर्गत दरी

आता तिन्ही पातळ्या एकत्र पाहता येतील. केंद्रीय करांच्या वाटपात वित्त आयोग गरीब राज्यांना झुकते माप देतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या कालावधीसाठी उत्पन्नातील अंतर या निकषाला ४५ टक्के भार दिला. त्यानुसार बिहारला राज्यांच्या वाट्यापैकी १०.०५८ टक्के, तर महाराष्ट्राला ६.३१७ टक्के हिस्सा मिळाला. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या देशाच्या ९ टक्क्यांहून अधिक होती. राष्ट्रीय न्यायाच्या दृष्टीने हे तत्त्व योग्यच आहे.

तथापि त्याच जनगणनेनुसार विदर्भ व मराठवाडा यांची एकत्रित लोकसंख्या सुमारे ४.१७ कोटी होती, म्हणजे जवळजवळ ओडिशा राज्याइतकी. ओडिशाचे नागरिक आपल्या राज्याच्या उत्पन्नानुसार मोजले जातात. विदर्भ व मराठवाड्यातील नागरिक मात्र मुंबई, ठाणे व पुणे यांच्या उत्पन्नासह काढलेल्या सरासरीने मोजले जातात. राष्ट्रीय सूत्राच्या दृष्टीने ते एका संपन्न राज्याचे रहिवासी ठरतात. त्यामुळे त्यांच्या मागासलेपणाची भरपाई करण्याचे दायित्व जवळपास संपूर्णपणे राज्यावर येते. २०१८ च्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात नंदुरबार, वाशिम, गडचिरोली व तत्कालीन उस्मानाबाद म्हणजे आताचे धाराशिव या चार जिल्ह्यांचा समावेश झाला. पण असा कार्यक्रम करवाटपाच्या सूत्राची जागा घेऊ शकत नाही.

या पार्श्वभूमीवर विकास मंडळांचा प्रश्न गंभीर ठरतो. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. त्यांच्या पुनर्रचनेची शिफारस करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये घेतला. मंडळांच्या कार्यक्षमतेविषयी मतभेद असू शकतात. परंतु राज्यांतर्गत अंतराचा हिशेब दरवर्षी विधिमंडळासमोर ठेवण्याची ती घटनात्मक व्यवस्था होती. जे अंतर मोजले जात नाही, ते अर्थसंकल्पीय चर्चेत टिकत नाही.

अध्यापन व संशोधनासाठी काही सूचना

महाविद्यालयीन पातळीवर या विषयाचे अध्यापन करताना पुढील बाबींकडे लक्ष देणे इष्ट ठरेल. प्रादेशिक विषमतेविषयीचे कोणतेही विधान तपासताना त्यात गुणोत्तर अभिप्रेत आहे की अंतर, हे प्रथम निश्चित करावे. जिल्हा उत्पन्नाच्या अंदाजांमध्ये काही क्षेत्रांचे राज्यस्तरीय आकडे निर्देशकांच्या साहाय्याने जिल्ह्यांत विभागलेले असतात. म्हणून त्यांच्यावरून काढलेले निष्कर्ष सावधगिरीने मांडावेत. जिल्ह्यात निर्माण झालेले उत्पन्न आणि जिल्ह्यातील रहिवाशांना प्राप्त झालेले उत्पन्न यांतील भेद स्पष्ट करावा. तालुका पातळीवर पिके, सिंचन, स्थलांतर व शालेय गळती यांची माहिती विद्यार्थ्यांच्या साहाय्याने संकलित करणे ग्रामीण महाविद्यालयांना सहज शक्य आहे. अशा नोंदी सलग दहा-पंधरा वर्षे ठेवल्यास त्यांचे मोल मोठ्या सर्वेक्षणांपेक्षा कमी ठरणार नाही.

समारोप

राष्ट्रीय वाढ ही प्रादेशिक समतोलाची हमी देत नाही, आणि राज्याची संपन्नता ही जिल्ह्याच्या समृद्धीची हमी देत नाही. सिद्धान्त अभिसरणाची शक्यता सांगतो. पश्चिम बंगाल, बिहार व ओडिशा यांचे परस्परभिन्न अनुभव ती शक्यता शिक्षण, संस्था, पायाभूत सुविधा व धोरण यांवर अवलंबून असल्याचे दाखवितात. महाराष्ट्रापुरते बोलायचे झाल्यास, राष्ट्रीय सरासरीच्या दीडपट उत्पन्न असलेल्या या राज्याला आपल्या मागास भागांसाठी अन्य कोणाकडे बोट दाखविता येणार नाही. त्यासाठी अनुशेषाच्या हिशेबाला उत्पन्नक्षमतेच्या हिशेबाची जोड देणे, विभागाऐवजी जिल्हा व तालुका हे नियोजनाचे एकक मानणे आणि अंतराची नियमित जाहीर मोजणी पुन्हा सुरू करणे, ही किमान पूर्वअट होय. दरवर्षी दोन टक्के अधिक वेग राखूनही जी दरी भरण्यास पिढी-दीड पिढी लागते, तिच्या बाबतीत प्रत्येक वाया गेलेले वर्ष पुढील पिढीच्या खाती जमा होत असते.